सातव्या वेशीपाशी

चिन्नोर तांदूळ शिजायला लागला की आमच्या गल्लीत कुणाकडे पाहुणे आलेत, हे विचारावं लागत नसे. एरवी घरोघरी साधा जाडा तांदूळ. चिन्नोरचा डबा वरच्या फळीवर, आणि तो खाली काढायचा अधिकार फक्त आईचा. बालाघाटचं ते घर आठवायला बसले की आधी तो वास येतो, मग आईच्या सुपाचा आवाज, मग मागच्या बाजूने जाणाऱ्या छोट्या लाईनच्या गाडीची शिट्टी. बाबा पाटबंधारे खात्यात होते. त्यांच्या आधी त्यांचे वडीलही सरकारी नोकरीतच होते. त्यामुळे घर स्वतःचं असलं तरी आमच्या घरात सगळं कचेरीसारखं वेळेवर चालायचं. घरात मराठी बोलायची आणि बाहेर हिंदी. ही वाटणी कुणी ठरवून दिलेली नव्हती, पण मी आणि माझा दादा मनोज फाटकाबाहेर पडलो की हिंदीत भांडायचो आणि आत आलो की तेच भांडण मराठीत पुढे चालू ठेवायचो. खरं सांगायचं तर आमची हिंदीच जास्त चांगली होती. आईला ते खुपायचं. शाळेला निघताना माझ्या तोंडून चुकून "जाते" निघालं, तर ती चप्पल घातलेल्या मला पायरीवरून परत बोलवायची. "जाते काय म्हणतेस? येते म्हण." मी "येते" म्हणायची आणि जायची. आईला देऊन टाकायचा तो एक शब्द होता, त्यात अर्थ असतो असं मला तेव्हा वाटतही नव्हतं.

त्या काळात इंटरनेट म्हणजे दुकानात जाऊन करायची गोष्ट होती, केस कापून घेतात तशी. गुड्डूच्या वडिलांनी घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून असं दुकान थाटलं होतं. गुड्डू दादाचा वर्गमित्र, बोलायला शुद्ध हिंदी, पण आमच्याकडे लहानपणापासून येऊन-जाऊन असल्यामुळे मराठी शब्द त्याला पुष्कळ कळायचे. घरचा आणि दुकानाचा फोन एकच होता. त्यामुळे आतल्या खोलीत त्याच्या आईने कुणाला तरी फोन करायला रिसीव्हर उचलला की बाहेर आमचं अख्खं जग बंद पडायचं. मग गुड्डू आत बघून ओरडायचा, "मम्मी! रखो, रखो!" आणि त्याची आई आतून म्हणायची, "मेरा ही फोन, मैं ही न उठाऊँ?" वीज तर रोज दुपारी जायचीच. जनरेटर सुरू झाला की खुर्च्यांसकट आम्ही हलायचो. मुलगी म्हणून मला तिथे जायची परवानगी नव्हती, पण दादा बरोबर असेल तर होती, म्हणून मी त्या दिवसांत दादाशी फार गोड वागत असे.

तिथेच आम्हाला तो खेळ सापडला. त्याचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. आम्ही त्याला 'सात वेशी' म्हणायचो. एका राज्यातला उजेड कुणीतरी सात वेशींमागे कोंडून ठेवला आहे, आणि चौघांनी मिळून एकेक वेस उघडत जायचं, अशी ती गोष्ट. देशोदेशीची माणसं एकाच वेळी त्या राज्यात हिंडत असायची, पण आपली चौकडी सुरुवातीलाच बांधावी लागे, आणि एकदा बांधली की माणूस बदलता येत नसे. प्रत्येक वेशीपाशी चार दगड होते. चौघं चार दगडांवर एकाच वेळी उभे राहिले तरच वेस उघडायची. तिघांनी कितीही डोकं आपटलं तरी उपयोग नाही. वेस उघडली की चौघांना मिळून तिच्यावर एक ओळ कोरता यायची, ती मग येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसायची. पहिल्या वेशीवर गुड्डूने आम्हाला न विचारता 'बालाघाट जिंदाबाद' कोरून ठेवलं, याचा दादाला किती तरी दिवस राग होता. दादा तलवारवाला, गुड्डू तिरंदाज, आणि मी जखमा बांधणारी. गुड्डू मला डॉक्टरनी म्हणायचा. चौथा असायचा कंदीलवाला. त्याच्या हातात हत्यार नसतं, नुसता कंदील. तो नसला तर बाकीच्यांना पुढची वाट दिसत नाही. ते काम कुणालाच नको होतं.

"द्या मले," मिलिंद म्हणाला होता. "तिरोडीच्या पोराले अंधाराचं काय भेव?"

मिलिंद माझ्या वर्गात होता. त्याचे वडील तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीत कामाला. मुलाने शिकावं म्हणून त्यांनी त्याला बालाघाटला मावशीकडे ठेवलं होतं. आमच्या चौघांत धड मराठी बोलणारा तो एकटाच. तीही अशी, की वर्गात सर हसायचे. त्याला त्याचं काही वाटत नसे, उलट तो मुद्दाम जास्तच बोलायचा. खेळात टाइप करतानाही आम्ही इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहायचो आणि हा पठ्ठ्या इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा. गुड्डू कुरकुरायचा, पण त्याला समजायचं. प्रत्येक वेशीवर एक राखणदार असायचा आणि तो पानंच्या पानं इंग्रजीत आपली कहाणी सांगायचा. ती ऐकल्याशिवाय पुढची खूण कळत नसे. डिक्शनरी मांडीवर घेऊन ती वाचायचं काम माझं. मी शब्द लावत लावत हिंदीत सांगायची आणि तिघं ऐकायचे.

मिलिंद संध्याकाळी दादाबरोबर आमच्याकडे यायचा. तो अंगणातल्या पायरीवर बसायचा, धान्याच्या खोलीच्या खिडकीखाली. त्याला आत ये असं कुणी म्हणत नव्हतं आणि तोही येत नव्हता. मिलिंदचं घर बौद्ध, आमचं जुन्या वळणाचं. असं का, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. ते सगळ्यांना माहीत होतं, आणि मलाही माहीत होतं. आई तिथे ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली असायची. एकदा तिने सहज विचारलं, "काय रे, दिवसभर काय करता तुम्ही त्या डब्यासमोर?" आणि मिलिंदने तिला चौथ्या वेशीवरच्या म्हातारीची गोष्ट सांगितली. इंग्रजीत ती म्हातारी राजाच्या किल्ल्यावर राहत होती आणि तिचा मुलगा लढाईला गेला होता. मिलिंदच्या तोंडून ती सरळ तिरोडीला राहायला आली.

"काकू, तिचं पोरगं सकाळच्या पाळीले गेलतं. संध्याकाळी भोंगा झाला. सगळे वापस आले, तो नाही आला. मंग ते बाई रोज वेशीवर येऊन बसे आन् येनाऱ्या-जानाऱ्याले विचारे, बाहेर पानी येऊन राह्यलं का? त्याच्यापाशी छत्री नाही."

आईचा हात सुपातच थांबला. "मग?"

"मंग काय काकू, उद्या."

"उद्या काय मेल्या! आत्ता सांग."

"आम्हीच अजून पुढं नाही गेलो न. पल्लवीचं इंग्रजी लय हळू चालते."

त्यानंतर आई रोज वाट पाहायला लागली. आम्हाला ती कधी काही विचारत नसे. मी सांगायला गेले तर म्हणायची, "तू राहू दे, तुझ्या तोंडून ते सरकारी वाटतं." मिलिंद आला की सूप पुढे ओढून बसायची. गोष्टीबरोबर तो पायरीवरून ओसरीच्या चटईवर आला, केव्हा आला ते आता आठवत नाही. पाचव्या वेशीच्या सुमाराला तो स्वयंपाकघराच्या दाराशी बसून पातोडी खात होता, आणि आई त्याच्या ताटात आणखी रस्सा वाढत होती. निघताना तो न चुकता "येतो, काकू" म्हणायचा. "बघा," आई आम्हाला सुनवायची, "सांगावं लागतं का त्याला? नाहीतर तुम्ही, टाटा-बायबाय." सहावी वेस उघडली तेव्हा आईने विचारलं होतं, सातवीच्या मागे काय असेल. "उजेड असन, काकू." "उजेड तर इथंही आहे," आई म्हणाली. "काहीतरी दुसरं असेल बघ." मी आजवर पुष्कळ चांगल्या लोकांना गोष्टी सांगताना ऐकलं आहे. पण त्या ओसरीवर आई जशी ऐकायची तसं ऐकणारं मी दुसरं कुणी पाहिलं नाही.

पुढे गुड्डूच्या दुकानातला एक कॉम्प्युटर बिघडला आणि तीनच उरले. दुरुस्तीला माणूस गोंदियाहून येणार होता, तो काही येईना. बस स्टँडला लागून एक झेरॉक्सचं दुकान होतं, तिथे एक कॉम्प्युटर होता आणि दुकानदार मिलिंदच्या गावाकडचा होता. मिलिंद तिथून खेळायला लागला. म्हणजे आम्ही तिघं इकडे, तो चालत दहा मिनिटांवर, आणि बोलणं पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीत. त्या पट्टीत जेमतेम तीन ओळी मावायच्या. चौथी आली की पहिली वर जाऊन नाहीशी व्हायची. खेळणारा उठून गेला की त्याचा माणूस जिथे असेल तिथे खाली बसायचा. मिलिंद उठून गेला की कंदील मंद व्हायचा. लाईन तुटली तरी मंदच व्हायचा. त्यामुळे तो गेला आहे की त्याचा फोन तुटला आहे, हे आम्हाला कधीच कळत नसे. आम्ही थांबायचो. थोड्या वेळाने कंदील मोठा व्हायचा.

मग बारावीच्या वर्षाच्या मध्यात त्याच्या मावशीच्या यजमानांची उकव्याला बदली झाली. महिनाअखेर बिऱ्हाड हलणार होतं. मिलिंदला बालाघाटमध्ये राहायला जागा नव्हती, आणि त्याच्या वडिलांनी सांगून टाकलं होतं, पुरे झालं शिक्षण, ठेकेदाराकडे काम आहे. मिलिंदने हे आम्हाला सांगितलं तेव्हा तो हसतच होता. वर्गात गणितात तो माझ्या कितीतरी पुढे होता. मला रडू आलं आणि मी ते दादावर चिडून काढलं. त्या संध्याकाळी बाबा आईला म्हणाले, "धान्याची खोली मोकळी करता येईल. परीक्षा होईपर्यंतच तर प्रश्न आहे."

आई तांदूळ पाखडत राहिली. मी आणि दादा आतल्या खोलीतून ऐकत होतो.

"लोक विचारतील," ती म्हणाली.

"विचारतील."

"माझ्या आईले कळलं तर ती पुन्हा माझ्या हातचं पाणी नाही पिणार." चिडली, घाबरली किंवा हरखली की आईची बोली तिच्या माहेरची व्हायची.

पुष्कळ वेळ नुसता सुपाचा आवाज. मग तो थांबला. "त्या खोलीच्या खिडकीची कडी तुटली आहे," आई म्हणाली. "पोरगं अभ्यासाले बसन आन् खिडकी वाऱ्यानं आपटत राहीन. ती आधी बसवून घ्या."

हा तिचा होकार होता. एवढ्या एका वाक्यासाठी तिला काय काय बाजूला सारावं लागलं असेल, हे समजायला मला स्वतःला संसार करावा लागला. दुसऱ्या दिवशी बाबांनी सुतार आणला. आईने पोती हलवली, कोनाडा पुसला, खाट टाकली, बल्ब लावून घेतला. बाबा म्हणाले, आता पोराला सांगा म्हणजे त्याच्या वडिलांशी मी बोलतो.

आणि आम्ही ठरवलं, सांगायचं ते सातव्या वेशीवर. मावशी जायला अजून आठवडा होता. रविवारी दुपारी चौघांनी सातव्या वेशीपाशी जमायचं आधीच ठरलेलं होतं. वेस उघडली की जी ओळ कोरायची, ती अशी, की मिलिंद आमच्या घरी राहणार आहे. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत, त्याच्यासारखी. त्याने ती तिथे बस स्टँडवरच्या दुकानात बसून वाचायची आणि मग धावत आमच्याकडे यायचं. आई तर आमच्यापेक्षा हरखली होती. "वेशीवर लिहिणार? सगळ्या जगाले दिसन?" तिने सकाळीच चिन्नोरचा डबा खाली काढला.

रविवारी आम्ही तिघं आपापल्या दगडावर होतो. मिलिंदचा कंदील अलीकडच्या गावात होता, मंद. वेशीपर्यंतची वाट त्याने आदल्या दिवशीच उजळून दाखवली होती, आता तो स्वतः तेवढा यायचा होता. दादाचा माणूस दगडावर बसला होता आणि दादा स्वतः काउंटरवर फोनपाशी राखण करत होता, गुड्डूच्या आईने रिसीव्हर उचलू नये म्हणून. आम्ही पोचल्याबरोबर सातव्या वेशीचा राखणदार बोलायला लागला. तो आंधळा होता आणि फार बोलका होता. मी डिक्शनरीत खाली मान घालून बसले. तेवढ्यात गुड्डू म्हणाला, "आ गया! कंदील जल गया."

"काय म्हणतो?" मी मान वर न करता विचारलं.

"बोल रहा है, आ रहा हूँ।"

"दादा! मिलिंद येऊन राह्यला!" मी ओरडले.

मी पडद्याकडे पाहिलं तेव्हा राखणदाराच्या बोलण्याने पट्टी भरून गेली होती, आणि कंदील पुन्हा मंद झाला होता. लाईन तुटली असणार. आम्ही थांबलो. गुड्डू म्हणाला, वाटेत नदी आहे, तिथे अडकला असेल. नंतर म्हणाला, झेरॉक्सवाल्याची लाईट गेली असेल. दादा फोन सोडून यायला तयार नव्हता. मधूनमधून मी लिहीत होते, कुठे आहेस, ये ना, चांगली बातमी आहे. कंदील बसल्या जागी मिणमिणत होता. आम्ही जागचे हललो नाही, कारण दगडावरून पाय काढला की वेशीची सगळी गोष्ट पहिल्यापासून सुरू व्हायची. दुपार उलटत आली, रोजच्या वेळेला वीज गेली, जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं, आणि तिन्ही पडदे काळे झाले. तो आता सरळ घरीच येईल असं धरून बाहेर आलो तर छोटी गाडी शिट्टी देत चालली होती. घराच्या वळणावरच चिन्नोरचा वास आला. आईने ओसरीवर पाचवं पान मांडलं होतं.

सकाळी मी आणि दादा मावशीकडे गेलो. मावशी भांडी पोत्यात भरत होती. "तो त काल दुपारीच गेला," ती म्हणाली. "त्याचा बाप आलता ना अचानक. तुमाले सांगतलं म्हने त्यानं."

"काही नाही सांगितलं," दादा म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "येऊन राह्यलो म्हणाला, आन् आलाच नाही."

मावशी पुन्हा भांडी भरायला लागली. "मंग मले माहीत नाही बापा," म्हणाली.

त्या दिवशी मावशीच्या दारात आम्ही बोललो त्या एका वाक्यापाशी मी हल्ली वारंवार जाऊन थांबते. पण तेव्हा आम्हाला इतकंच कळत होतं, की तो आम्हाला थापा मारून गेला. दादाने जाहीर केलं की तो पुन्हा त्याचं नाव घेणार नाही. बाबा तिरोडीला निरोप धाडायला निघाले होते, पण मग तेही घुटमळले. "जाताना तोंड दाखवलं नाही. बहुतेक त्याच्या घरच्यांनाच आपल्याकडे राहणं पसंत नसेल. मागे लागलो तर बरं दिसणार नाही." आठवडाभर आईने खोली तशीच ठेवली, रोज झाडलीसुद्धा. मग एका सकाळी मी उठले तर तांदळाची पोती परत खोलीत गेली होती आणि खाट अंगणात उभी करून ठेवली होती. आमची परीक्षा झाली. दादा नोकरीला लागला, मी लग्न होऊन रायपूरला गेले. तो खेळही कधीतरी बंद पडला. सातवी वेस आमच्याकडून उघडली नाही, आणि आईने गोष्टीचं पुढे काय झालं, हे कधी विचारलं नाही.

मागच्या दिवाळीत बालाघाटला गेले होते. आईचा फोन बिघडला म्हणून गुड्डूकडे गेले. त्याच पुढच्या खोलीत आता त्याचं मोबाइलचं दुकान आहे. गुड्डूला टक्कल पडलं आहे आणि त्याच्या हाताखाली दोन मुलं आहेत, ज्यांना तो त्याच्या आईसारखा ओरडतो. चहा आला, जुन्या गोष्टी निघाल्या, आणि मिलिंदही निघाला.

"अजीब लड़का था," गुड्डू म्हणाला. "उस दिन लिखा, येतो। और आया ही नहीं।"

"काय लिहिलं होतं?"

"येतो। वाय, ई, टी, ओ। मराठी में ही लिखता था ना वो।"

"तू तर म्हणालास, आ रहा हूँ म्हणाला."

"हाँ तो? येतो यानी? आता हूँ।" तो माझ्याकडे बघायला लागला. "गलत बोला क्या?"

नाही, चूक काहीच नव्हतं. कुठल्याही शब्दकोशात तोच अर्थ मिळेल. मिलिंदने 'येतो' लिहिलं, गुड्डूने त्याची हिंदी केली, आणि मी त्या हिंदीची परत मराठी केली तेव्हा ते 'येऊन राह्यला' होऊन बसलं. आमच्या घरात हे दोन शब्द कधी कुणी एकमेकांच्या जागी वापरले नसते. शेजारच्या बोरकर आजी जाताना 'येते' म्हणाल्या म्हणून आईने कधी त्यांच्यासाठी जेवण झाकून ठेवलं नव्हतं. ती ओळ मी स्वतः वाचली असती तर? पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. वाचली असती तर डिक्शनरी टाकून पळत सुटले असते, दहा मिनिटांत बस स्टँडवर असते. गुड्डूला मी काही बोलले नाही. त्याने फोनचे पैसे घेतले नाहीत.

दादाने मिलिंदचा नंबर एका फोनवर मिळवून दिला. इतकी वर्षं तो इतक्याच अंतरावर होता. मी आईच्या ओसरीवर बसून फोन लावला. मिलिंद आता नागपूरजवळ एका गोदामावर सुपरवायझर आहे. आधी त्याने मला ओळखलंच नाही, मग ओळखलं आणि "तुम्ही" म्हणायला लागला. त्याच्या मुलीचं शिक्षण, माझी पाठदुखी, असं बोलून झालं. मग मी त्याला त्या दुपारचं विचारलं.

"बाबा दुकानाबाहेर उभे होते," तो म्हणाला. "कॉम्प्युटर चालू केला, तुम्ही तिघं दगडावर दिसले. एक शब्द लिहिला आन् उठलो. येतो म्हनलं म्हनजे चाललो. दुसरं काय रायते त्याचं?"

"काही नाही," मी म्हटलं.

"बस लेट होती त्या दिवशी. सांजेपर्यंत स्टँडवरच बसून होतो. मले वाटलं, याल."

मी त्याला सगळं सांगितलं. गुड्डूने काय वाचलं, आम्ही कसे दगडांवरून हललो नाही, वेशीवर कोणती ओळ कोरायची होती. तो ऐकत होता. मध्ये कुणीतरी त्याला हाक मारली, त्याने "थांब बे" म्हटलं.

"मले त वाटलं, काकूनं तुमाले जाऊ नका म्हनलं असन," तो हळूच म्हणाला. "म्हनून कोनी आलं नाही."

ज्या आईने आपल्या आईला तोडायची तयारी केली होती, तिच्याबद्दल त्याने हे मनात धरून आयुष्य काढलं होतं. आणि त्याचं चुकलं, असंही मला म्हणता येत नव्हतं. त्या पायरीवर त्याला आम्हीच बसवलं होतं.

"खोली कोनती?" त्याने विचारलं.

"धान्याची. अंगणाकडची."

"तिले खिडकी होती न? मी तिच्याच खाली बसत जाओ."

"हो. तिची कडी तुटलेली होती. आईने नवी बसवून घेतली होती, तुझ्यासाठी."

गाड्यांच्या घरघरीत त्याने नाक ओढलं. "बरं," म्हणाला. "काकूले नमस्कार सांगा." मी म्हटलं, एकदा ये ना बालाघाटला, आई आहे अजून, तिला सातव्या वेशीचं सांग काहीही बनवून. तो हसल्यासारखं काहीतरी बोलला, गाडी भरायची आहे, ठेवतो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

आई सूप मांडीवर घेऊन बसली होती. हल्ली तिला कमी ऐकू येतं, पण कुणाशी बोलत होते ते तिने ओळखलं होतं. तिने सुपातला हात थांबवला.

"काय म्हणाला गं? येतो म्हणाला?"

"नाही, आई," मी म्हटलं. "ठेवतो म्हणाला."